बोर्डाचे प्रमाणपत्र टिकवण्याच्या पर्यायी वाटा: दहा वर्षांची परीक्षा, तिमाही प्रश्न की सहकाऱ्यांची तपासणी?

रुग्णशय्या (धागाकर्ती)

नमस्कार.

मी अमेरिकेत, ओहायो राज्यात, रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांवर उपचार करणारी इंटर्निस्ट आहे. एमबीबीएस महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून केले आणि रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात राहून घ्यायचे तज्ज्ञशिक्षण, इथे केली. इंटर्नल मेडिसिनच्या, म्हणजे प्रौढांच्या सर्वसाधारण आजारांच्या शाखेच्या, बोर्डाची परीक्षा २००४ साली पहिल्यांदा दिली, २०१४ साली पुन्हा दिली आणि २०२४ पासून तिसऱ्यांदा देण्याऐवजी दर तिमाहीला प्रश्न सोडवण्याचा नवा मार्ग घेतला आहे. या तिन्ही वेळच्या अनुभवांतून जे मत बनले ते मांडावे आणि इथल्या डॉक्टर मंडळींचे व रुग्णांचेही ऐकावे, यासाठी हा धागा.

जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा परवाना राज्य सरकार देते. बोर्डाचे प्रमाणपत्र ही त्याहून वेगळी गोष्ट आहे आणि कागदोपत्री ती ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक रुग्णालये आणि विमा कंपन्या प्रमाणपत्राशिवाय डॉक्टरला दारात उभे करत नाहीत. अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशॅलिटीज या संस्थेच्या छत्राखाली २४ बोर्डे आहेत. त्यांपैकी फॅमिली मेडिसिनच्या बोर्डाने १९६९ साली स्थापनेपासूनच मुदतीचे प्रमाणपत्र दिले. इंटर्नल मेडिसिनचे प्रमाणपत्र मात्र १९९० पर्यंत आयुष्यभरासाठी असे. त्या वर्षापासून ते दहा वर्षांचे झाले आणि आधीच्यांना जुना हक्क तसाच राहिला. म्हणजे एकाच वॉर्डात काम करणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी वयाने मोठ्याला परीक्षा नाही आणि धाकट्याला आहे, अशी स्थिती आली. ज्ञान कालबाह्य होण्याचा धोका कोणाला अधिक आहे हे लक्षात घेतले, तर ही विभागणी नेमकी उलटी आहे, आणि या व्यवस्थेवरचा तरुण डॉक्टरांचा विश्वास मला वाटते तिथेच पहिल्यांदा ढळला.

२०१४ च्या परीक्षेसाठी मी पाच महिने रोज रात्री अभ्यास केला. ज्या दुर्मिळ आजारांचा एकही रुग्ण माझ्याकडे कधी आला नव्हता आणि आला असता तरी मी तो त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवला असता, त्यांचे निकष मी पाठ केले. उत्तीर्ण झाले. निकालाच्या कागदावर विषयवार गुणांकन होते. पण माझा कोणता प्रश्न चुकला आणि का चुकला, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि आजही ठाऊक नाही. शिकवण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही परीक्षा चुकीचे उत्तर विद्यार्थ्याच्या डोक्यात तसेच ठेवून त्याला घरी पाठवते.

त्याच वर्षी, म्हणजे जानेवारी २०१४ मध्ये, इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने परीक्षेखेरीज दर दोन वर्षांनी काही उपक्रम आणि पाच वर्षांत १०० गुण अशी सक्ती आणली. त्याविरुद्ध कॅलिफोर्नियातले हृदयरोगतज्ज्ञ पॉल टेअरस्टीन यांनी सुरू केलेल्या निवेदनावर वीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी सह्या केल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोर्डाचे प्रमुख रिचर्ड बॅरन यांनी आपले चुकले असे जाहीर पत्र लिहिले आणि काही अटी स्थगित केल्या. स्थगित काय झाले, हे मात्र आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आले नाही. डॉक्टरच्या प्रत्यक्ष कामाचे मूल्यमापन, रुग्णांचे म्हणणे आणि रुग्णसुरक्षा या तीन अटी गेल्या; परीक्षा राहिली. कामाच्या सर्वांत जवळचा भाग सर्वांत आधी गेला, कारण तो अशा तऱ्हेने आखला होता की संगणकावर तक्ते भरण्यापलीकडे त्यात काही उरले नव्हते. मी स्वतः मधुमेहाच्या रुग्णांच्या नोंदींचा असा एक तक्ता भरला होता. तो वाचून कोणी एका ओळीचा अभिप्राय दिला असता, तरी त्या श्रमाचे चीज झाले असते.

आता नव्या मार्गाविषयी. बोर्डाने २०२२ साली पाच वर्षांचे चक्र सुरू केले. दर तिमाहीला ३० प्रश्न, म्हणजे पाच वर्षांत ६००, त्यांपैकी १०० न उघडता सोडता येतात. एका प्रश्नाला चार मिनिटे. पुस्तक किंवा संकेतस्थळ उघडून पाहण्याची मुभा आहे. दुसऱ्या माणसाला विचारण्याची नाही. उत्तर दिले की ते बरोबर की चूक हे कळते आणि खाली कारणमीमांसा येते. प्रश्न उघड करण्यास मनाई असल्याने मी केवळ विषय सांगते. साठीनंतर हृदयविकार टाळण्यासाठी नव्याने ॲस्पिरिन सुरू करू नये, ही शिफारस अमेरिकी प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ साली केली. ती मी वाचली होती, तरी हात जुन्या सवयीनेच लिहीत होता. एका प्रश्नाचे उत्तर चुकले, खाली दिलेले कारण वाचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाणाऱ्या रुग्णांच्या औषधांच्या याद्या मी वेगळ्या नजरेने पाहिल्या. दहा वर्षांच्या परीक्षेने माझ्या हातून असा एकही बदल करवून घेतलेला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की परीक्षा हवी की नको, हा वाद चुकीच्या जागी अडकला आहे. डॉक्टरला त्याची चूक वेळेवर आणि कारणासह कळेल, अशी व्यवस्था कोणती, हा खरा प्रश्न आहे.

---

भूलतज्ज्ञ_टेक्सास

डॉक्टर, आपण ज्या मार्गाचे वर्णन केले तो आमच्या ॲनेस्थेशियाच्या बोर्डाने आधी चालून पाहिला होता, म्हणून भर घालतो. २०१४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २०१६ पासून दहा वर्षांच्या परीक्षेच्या जागी 'मोका मिनिट' आले. तिमाहीला ३०, वर्षाला १२० प्रश्न आणि एका प्रश्नाला एक मिनिट. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये टेबल स्वच्छ होईपर्यंत फोनवर दोन प्रश्न सोडवून होतात. चुकलेला विषय पुढे वेगळ्या रूपात समोर येतो, हे मला विशेष मोलाचे वाटते, कारण एकदा वाचून विसरण्याची सोय राहत नाही.

त्याबरोबर एक सावधगिरीही नोंदवतो. या उपक्रमात वेळेवर भाग घेणाऱ्या आणि त्याची पातळी गाठणाऱ्या भूलतज्ज्ञांवर परवान्याविषयीची कारवाई कमी झालेली आढळली, असा अभ्यास प्रसिद्ध आहे आणि आमच्या बैठकांत त्याचा उल्लेख वारंवार होतो. पण जो माणूस तिमाहीचे प्रश्न वेळेवर सोडवतो, तो बहुधा भूल देण्याच्या यंत्राची सकाळची तपासणीही न चुकता करतो. प्रश्नांमुळे तो सावध झाला की मुळात सावध होता म्हणून त्याने प्रश्न सोडवले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही.

---

हृदयस्थ

मी टेअरस्टीन यांच्या बाजूचा आहे आणि ते इथे स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

रुग्णशय्या यांनी नव्या मार्गाचे कौतुक केले, त्यातला शिकण्याचा भाग मला मान्य आहे. पण चांगले शिकवणाऱ्या संस्थेला, तिच्याकडून न शिकणाऱ्याची नोकरी घालवण्याचा अधिकार कशासाठी हवा? टेअरस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही पर्यायी संस्था काढली, ती याच प्रश्नातून. पहिले प्रमाणपत्र मान्यताप्राप्त बोर्डाचेच असले पाहिजे, राज्याचा परवाना निर्दोष असला पाहिजे आणि गेल्या दोन वर्षांत सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे, किमान ५० तास झाले पाहिजेत, अशा तिच्या अटी आहेत. रेसिडेन्सीनंतरची मूळ परीक्षा कोणीही टाळत नाही. जो एकदा त्या कसोटीला उतरला त्याने पुढे काय वाचावे, हे त्याच्या रुग्णांवरून ठरू द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. मी दिवसभर कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून तपासणी व उपचार करण्याच्या कक्षात, असतो. संधिवाताचे किंवा त्वचारोगाचे प्रश्न सोडवून माझ्या टेबलावरच्या रुग्णाचे काय भले होणार?

खर्चाचेही बोलले पाहिजे. २०१५ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार एका इंटर्निस्टला दहा वर्षांत या साऱ्याचा सरासरी २३,६०७ डॉलर भार पडतो, आणि सर्व इंटर्निस्ट मिळून तो ५.७ अब्ज डॉलरवर जातो.

हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र बोर्ड काढण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशॅलिटीजकडे रीतसर अर्ज केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो नाकारला गेला. ज्या शाखेचे ज्ञान दर दोन वर्षांनी कूस बदलते, तिला आपली कसोटी आपण ठरवण्याची मुभा नसावी, याचे मला मनापासून दुःख आहे.

---

रुग्णशय्या

हृदयस्थ, आपला मुद्दा मी हलका लेखत नाही. एकाच संस्थेने कसोटी ठरवायची, तीच घ्यायची, तिचेच शुल्क आकारायचे आणि रुग्णालयांनी तिचाच शिक्का मागायचा, यात दोष आहे हे मलाही मान्य आहे. या विषयावर इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाविरुद्ध मक्तेदारीचा दावा झाला. तो २०१९ मध्ये फेटाळला गेला आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. कायद्याने मक्तेदारी सिद्ध झाली नाही, म्हणून व्यवस्था न्याय्य ठरते असे मी मानत नाही.

पण आपण दिलेल्या आकड्याच्या पोटात जाऊन पाहू. त्याच अंदाजात खर्चाचा सुमारे ९० टक्के भाग डॉक्टरच्या वेळेचा आहे; शुल्काचा वाटा लहान आहे. मग स्वस्त प्रमाणपत्र देणारी दुसरी संस्था काढून मुख्य भार कमी होतो का? आपल्या पर्यायातले ५० तासही वेळच घेतात. तो वेळ कारणी लागतो का, हे तपासायला हवे, आणि तिथे माझी अडचण आहे. केवळ बसून ऐकलेल्या व्याख्यानाने डॉक्टरचे वागणे क्वचितच बदलते, हे १९९९ पासून प्रसिद्ध संशोधनात दिसत आले आहे. चर्चा आणि सराव असेल तिथे बदल दिसतो. आपल्याला काय येत नाही याचा अंदाज डॉक्टरला स्वतःहून नीट बांधता येत नाही, हे २००६ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात मांडले गेले: २० तुलनांपैकी १३ ठिकाणी स्वतःचे मूल्यमापन आणि बाहेरून मोजलेली क्षमता यांचा संबंध फारसा नव्हता, नव्हताच किंवा चक्क उलटा होता. 'मला जे लागते ते मी वाचतो' या वाक्यात हाच धोका आहे. ॲस्पिरिनविषयी मला शंकाच नव्हती, म्हणून मी स्वतःहून त्याविषयी पुन्हा वाचायला कधीच गेले नसते.

त्याच वेळी हेही प्रामाणिकपणे सांगते की जुन्या परीक्षेची बाजू पुराव्याने भक्कम नाही. २०१४ मध्ये 'जामा'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. माजी सैनिकांच्या चार रुग्णालयांतल्या १०५ इंटर्निस्टांची तुलना करणाऱ्या पहिल्या अभ्यासात, आजीवन आणि मुदतीचे प्रमाणपत्र असलेल्यांत प्राथमिक उपचारांच्या दहाही निकषांवर फरक दिसला नाही. दुसऱ्यात मुदतीच्या अटीमुळे टाळता येण्याजोगी रुग्णालयात भरती कमी झाली नाही, मात्र खर्चवाढ किंचित कमी राहिली. एवढ्या श्रमाच्या बदल्यात हे फार थोडे आहे.

---

नाशिककर_डॉक्टर

आमच्याकडची स्थिती सांगतो, कारण केवळ तासांवर विसंबले तर काय होते हे आम्ही रोज पाहतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी करायचे असते आणि त्यासाठी ३० क्रेडिट तास लागतात. एमडी झाल्यानंतर मात्र पुन्हा कोणतीही परीक्षा आयुष्यात नाही. कल्पना चांगली आहे आणि मला काही परिषदांतून खरोखर खूप मिळाले आहे. क्षयरोगाच्या बदललेल्या औषधयोजनेवरची एक कार्यशाळा मला अजून आठवते, कारण तिथे प्रत्येकाने आपल्या रुग्णाचे एक्स-रे आणले होते. पण एका शहरात भरलेल्या परिषदेत मी असेही पाहिले आहे की सकाळी नोंदवहीवर सह्या झाल्या आणि दुपारी सभागृहात वक्त्यासमोर अकरा माणसे उरली. उरलेल्या सगळ्यांना तेवढेच क्रेडिट मिळाले. मी त्या अकरांत होतो आणि मला तो दिवस फार अपमानास्पद वाटला, वक्त्यासाठी आणि आमच्यासाठीही.

---

साधा_वाचक

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांवर न्यू जर्सीमध्ये उपचार चालू आहेत. बोर्डाच्या संकेतस्थळावर त्यांच्या डॉक्टरांच्या नावापुढे 'प्रमाणित' असे दिसते. हा शब्द वाचून मी नेमके काय समजावे, एवढेच कोणी सांगेल का? डॉक्टरांच्या या वादात रुग्णाला माहिती कशी मिळणार, यावर कोणीच बोललेले नाही.

---

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. आमच्याकडे पुन्हा परीक्षा नाही. डिसेंबर २०१२ पासून 'रिव्हॅलिडेशन' आहे. दर वर्षी प्रशिक्षित सहकाऱ्यासमोर बसून ॲप्रेझल, म्हणजे कामाचा आढावा, होते आणि पाच वर्षांनी जबाबदार अधिकारी जनरल मेडिकल कौन्सिलकडे शिफारस करतो. बरोबर न्यायची माहिती सहा प्रकारची असते: शिकलेले, सुधारणेसाठी केलेले काम, घडलेल्या गंभीर घटना, सहकाऱ्यांचे अभिप्राय, रुग्णांचे अभिप्राय, तक्रारी आणि कौतुक. अभिप्राय पाच वर्षांतून किमान एकदा घ्यावेच लागतात.

साधा_वाचक यांच्या प्रश्नाला यात थोडे उत्तर आहे, कारण इथे रुग्णाचे म्हणणे प्रक्रियेच्या आत येते. एका वर्षी माझ्या अभिप्रायांत अनेक रुग्णांनी लिहिले की मी बोलताना संगणकाकडे पाहतो. ज्ञानाची कोणतीही परीक्षा मला हे सांगू शकली नसती. मी टेबलाची दिशा बदलली आणि नोंदी रुग्ण बोलून झाल्यावर करू लागलो.

दोष आहेत. कागदपत्रांची तयारी संध्याकाळी घरीच करावी लागते, आणि ॲप्रेझल करणारा सौम्य स्वभावाचा असेल तर तास-दोन तासांच्या छान गप्पा होतात, इतकेच. ज्याचे ज्ञान खरोखर मागे पडले आहे असा, पण रुग्णांशी गोड बोलणारा डॉक्टर या चाळणीतून सहज निसटू शकतो. नेदरलँड्समध्ये त्याच शाखेचे तज्ज्ञ दुसऱ्या विभागाला भेट देऊन काम पाहतात. ती पद्धत मला अधिक कसदार वाटते, कारण तिथे डॉक्टर एकटा नसून सगळा विभाग तपासला जातो.

---

रुग्णशय्या

साधा_वाचक, आपला प्रश्न आम्ही टाळला हे खरे आहे. 'प्रमाणित' याचा अर्थ असा की त्या डॉक्टरांनी त्या शाखेची रेसिडेन्सी पूर्ण करून बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण केली आहे. त्यापुढे प्रमाणपत्र टिकवण्याच्या कार्यक्रमात ते सहभागी आहेत की नाहीत, ही वेगळी नोंद असते. ती जरूर पाहावी. १९९० पूर्वीचे प्रमाणपत्र असेल तर ते सहभागी न होताही प्रमाणित राहतात. वडिलांच्या डॉक्टरांचा हात कसा आहे किंवा ते शेवटचे कधी चुकले, हे त्या शब्दातून कळत नाही, आणि कळते असा भास निर्माण करणे मला चुकीचे वाटते.

थेम्सकाठी, टेबलाची दिशा बदलल्याचे आपण लिहिले, ते वाचून माझ्या मनातली एक गोष्ट स्पष्ट झाली. तिमाही प्रश्नांनी माझ्या ज्ञानातली चूक मला दाखवली. माझ्या वागण्यातली चूक ते दाखवू शकत नाहीत. आमच्या गटात आम्ही सहा जण महिन्यातून एकदा, घरी गेल्यावर ३० दिवसांच्या आत परत दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी एकमेकांच्या वाचतो. ज्याचा रुग्ण असेल त्याने सुरुवातीला काही बोलायचे नाही, असा नियम आहे. गेल्या हिवाळ्यात हृदय निकामी झालेल्या माझ्या एका रुग्णाला मी लघवीचे औषध वाढवून घरी पाठवले, पण आठवड्याने पोटॅशियम तपासण्याचे लिहायला विसरले होते. तो परत आला तेव्हा पोटॅशियम फार खाली गेलेले होते. तो बरा झाला. माझी ती नोंद पाच जणांनी मोठ्याने वाचली, आणि तेव्हापासून घरी पाठवण्याच्या कागदावर रक्ततपासणीची तारीख लिहिल्याशिवाय माझी सही होत नाही. या कामाला अधिकृत प्रमाणपत्राच्या हिशेबात फारसे स्थान नाही, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे.

---

हृदयस्थ

ही पद्धत मला मान्य आहे, आणि आमच्या कॅथलॅबमध्ये गुंतागुंत झालेल्या रुग्णांची अशी बैठक होतेच. मग त्यालाच प्रमाणपत्राचा आधार का मानू नये? आणि प्रत्यक्ष सल्ला विचारतो: माझे प्रमाणपत्र पुढच्या वर्षी संपत आहे. पर्यायी बोर्डाकडे जावे का?

---

भूलतज्ज्ञ_टेक्सास

निर्णयापूर्वी दोन कागद मागवून घ्यावेत. पहिला, आपल्या रुग्णालयाची वैद्यकीय नियमावली. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०२२ मध्ये त्या पर्यायी बोर्डाची नोंद पडताळणीसाठी ग्राह्य धरली, पण ग्राह्य धरणे म्हणजे आपल्या रुग्णालयाने ती स्वीकारणे नव्हे. दुसरा, ज्या विमा कंपन्यांचे रुग्ण आपल्याकडे अधिक येतात त्यांच्या अटी. ओक्लाहोमाने २०१६ मध्ये आणि आमच्या टेक्सासने २०१७ मध्ये अशा सक्तीला मर्यादा घालणारे कायदे केले, तरी टेक्सासच्या कायद्यात रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मतदानाने अट ठेवण्याची वाट मोकळी आहे. हे दोन्ही कागद हाती येईपर्यंत जुने प्रमाणपत्र संपू देऊ नये.

---

रुग्णशय्या

मी याला सहमत आहे. नियमावलीत बदल सुचवण्याचा अधिकार रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या समितीकडेही असतो, हे अनेकांना माहीत नसते. मी आमच्या समितीपुढे येत्या बैठकीत असा प्रस्ताव ठेवणार आहे की दोन्हीपैकी कोणत्याही बोर्डाचे प्रमाणपत्र चालेल, मात्र ते कोणाचेही असले तरी प्रत्येकाने वर्षातून किमान चार वेळा सहकाऱ्यांच्या नोंदवाचनाला आपल्या रुग्णांसह हजर राहावे, आणि १९९० पूर्वीचे प्रमाणपत्र असलेल्यांनाही ही अट लागू असावी. मसुदा इंग्रजीत तयार आहे. हृदयस्थ, आपल्या कॅथलॅबच्या बैठकीचा नियम कसा लिहिला आहे ते मला व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का? नोंदवाचनात उघड झालेली चूक पुढे डॉक्टरविरुद्ध न्यायालयात वापरली जाऊ नये यासाठी आपल्याकडे कोणते शब्द वापरले आहेत, ते मला पाहायचे आहे. तेवढे एक कलम अजून अपुरे राहिले आहे.